आधी पडायला शिकवणारा

हर्सूलच्या आटलेल्या तलावाकाठी तो शहरातल्या पोरींना खडक चढायला शिकवायचा. आधी गादीवर पडायला शिकवायचा, मग चढायला. तोंडाकडं कधी बघायचा नाही, नजर सदा पायांवर. "हातानं लोंबकळू नका, पायावर उभ्या राहा."

मी शेळ्या चरायला सोडून बघत बसायची. पोरपणी रोज त्याच खडकावर चढायची मी. आता प्लॉट पाडायला तो खडक फोडणार होते.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आजी, पोरी चढतात तेव्हा तुमच्या पायाची बोटं आवळतात. या."

"म्हातारीची चेष्टा करतो व्हय?"

"नाय. चप्पल काढा."

मी चढले. पडले तर झेलायला तो मागं हात पसरून उभा, पण शिवला नाही. वर पोचता पोचता गुडघा अडला. खडकाचा माथा हातभर लांब राहिला.

"उतरता का, आजी?"

"थांब रे जरा."

तो थांबला. हात खाली घेतले नाहीत.