माझं रक्त चालणार नव्हतं

पंचेचाळिशीत चेहऱ्यावर पुरळ येतं, हे कोणाला सांगायचं? हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला मोठ्या गाठी यायच्या, ठणकायच्या, पिकायच्या आणि डाग ठेवून जायच्या. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये कोणी आलं की मी खिडकीकडे पाठ करून बसायचे. मलमं लावून झाली, साध्या गोळ्या खाऊन झाल्या. शेवटी चंद्रपूरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्याआधी त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, मूल होण्याची काही शक्यता? ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, असं मी सांगितलं.

"मग आणखी एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "औषध सुरू असेपर्यंत आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. तुमचं रक्त गरोदर बाईला चढवलं गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं."

मी ते लिहून घेतलं, खाली रेघ ओढली आणि बाकीच्या त्रासांच्या बंदोबस्ताला लागले. ओठ फुटायचे, म्हणून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात जेलीची डबी. डोळे कोरडे पडायचे, त्यासाठी थेंब. नाक आतून तडकायचं, म्हणून दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याचे थेंब. कॅप्सूल भरल्या जेवणावर, लिव्हर आणि चरबीची तपासणी ठरल्या वेळी, तळलेलं बंद. ऊन सहन व्हायचं नाही, पण त्याचं काही अवघड नव्हतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात प्रत्येक बाई दुपट्ट्यात तोंड बांधूनच फिरते. माझा दुपट्टा काय झाकतो आहे, हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं.

रक्ताचीही सोय मी करून ठेवली होती. आरमोरीला राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाच्या मुलीला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, माझाही तोच. तिला रक्त लागलं की मी जायचं, हे आमच्या घरात ठरल्यासारखंच होतं. आसपासच्या बी निगेटिव्ह लोकांची यादीही माझ्याकडे असते. या उन्हाळ्यात ती दुसऱ्याच महिन्यात, पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तेव्हा बाळंतपणासाठी मी त्यांच्यापैकी दोघांना कारण न देता सांगून ठेवलं: एक चामोर्शीचे वनरक्षक, दुसरा सावली गावचा मोटारसायकल मिस्त्री. तारीख लांब होती. मी निश्चिंत होते.

दुपारी दादाचा फोन आला.

"बाई, निघ लवकर. पोरीचं अंग दुखून राह्यलं, रक्त लय उतरलं. गडचिरोलीले आणलं तिले. रक्तपेढीत आपल्या गटाचं काहीच नाई. ओ निगेटिव्हबी नाई. पण मी सांगून देल्लं डॉक्टरले, माही बहीण येऊन राह्यली."

"निघते," मी म्हटलं. फोनवर समजावत बसायला वेळ नव्हता. जेलीची डबी पर्समध्ये टाकली आणि गडचिरोलीची बस धरली.

बस मूल गावाच्या पुढे जाईपर्यंत मी फोनच लावत होते. वनरक्षकांना नुकताच मलेरिया होऊन गेला होता, म्हणजे ते बाद. कॉलेजातला एक जण पुण्याला गेलेला. वरोऱ्याच्या बाईंनी गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. मिस्त्री फोन उचलत नव्हता. खिडकीतून गरम वारा येत होता, रस्त्याकडेच्या मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, आणि मी तेच बटण परत परत दाबत होते.

माझ्या यादीत प्रत्येकाचा दुसरा नंबर असतो. मिस्त्रीचा दुसरा नंबर त्याच्या बायकोचा. तिने उचलला, पण मागे डीजे एवढ्या जोरात वाजत होता की मला बसमध्ये ओरडावं लागलं.

"ते मांडवात हायेत, बाई! नणंदेची हळद हाय आज!"

"एक पोर गडचिरोलीच्या दवाखान्यात पडली आहे, रक्त हवं आहे. त्यांना फोन करायला सांगा. लगेच!"

"सांगतो," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. सावली आली, बस थांबली, निघाली. मिस्त्रीचा फोन आला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच वहिनी उभी होती. मला पाहून तिने मोठा श्वास सोडला. "आली वं माझी रक्ताची बाटली! चाल, चाल, पाणी पे अन् बस खुर्चीवर."

रक्तपेढीच्या दाराशी दादा आणि जावई वाट पाहत होते. आत जाण्याआधी मी दादाचा हात धरला.

"दादा, माझं रक्त चालणार नाही. औषध सुरू आहे."

त्याचं तोंड उतरलं. "काय झालं तुले? काऊन नाई सांगतलं? कॅन्सर-गिन्सर तं नाई?"

आता लपवून भागणार नव्हतं. मी दुपट्टा सोडला. "तोंडावरच्या फोडांचं औषध आहे."

जावई खाली मान घालून उभा राहिला, आणि वहिनी बोलली.

"पोरीचा जीव चालला, अन् तुले तोंडाची पडली? या वयात? कोणाले दाखवायचं हाय तोंड?"

"वहिनी, बाळाला धोका आहे."

"फोडांच्या गोळीनं बाळाले काय होते? मलम नाई लावत का पोरी?"

"आज नको घेऊ ना गोळी," दादा काकुळतीला आला. "एक दिवस नाई घेतली तं काय होते?"

"ती आधीच रक्तात आहे. महिनाभर राहते. अशा बाळाला कान नसू शकतात, दादा. हृदयात, मेंदूत दोष राहू शकतो. मी रक्त दिलं तर पोरगी आज बरी दिसेल, आणि पुढे काय होईल ते आपल्याला बाळ हातात घेतल्यावर कळेल."

"अन् नाई देल्लं तं?" वहिनीने विचारलं.

पलीकडच्या वॉर्डातून भाचीच्या कण्हण्याचा आवाज येत होता. पेढीतल्या बाईंनीही माझं ऐकून रक्त घ्यायला नकार दिला आणि नागपूरला फोन लावला. नागपूरहून रक्त यायचं म्हणजे रात्र होणार होती.

मी परत मिस्त्रीचा नंबर लावायला खाली वाकले आणि फोनच्या काचेवर लाल थेंब पडला. मग दुसरा. बसमधल्या गरम वाऱ्याने नाक तडकलं होतं. दुपारचे थेंब मी घाईत विसरले होते. नाक दाबून मी बाकावर बसले, तरी दुपट्टा भिजत गेला. वहिनी समोर उभी राहून बघत होती.

"इथी सांडून राह्यलं," ती हळू म्हणाली, "अन् तिकडं थेंब नाई."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं की काय, मला कळलं नाही. पण ती गेली, नळाखाली पदर भिजवून आली आणि माझ्या कपाळावर धरून बसली. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता दाराकडे बघत होतो.

फोन आलाच नाही. मिस्त्री स्वतःच आला. केसांत, कानामागे, मनगटापर्यंत हळद, अंगात पिवळं झालेलं बनियन, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "मांडवातून तसाच उठलो, बाई. फोन कोणाच्या खिशात हाय कोणास ठाऊक. कुठी झोपू सांगा."

पेढीतल्या बाईंनी विचारलं, "दारू घेतली का?"

"नाई ना मॅडम. दारू तं संध्याकाळी होती."

वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

त्याचं रक्त घेऊन, तपासून, जुळवून भाचीला लागेपर्यंत दिवे लागले होते. पिशवी टांगली गेली तेव्हा वहिनीने मला खाटेजवळ बसायला जागा केली. दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

मी औषध पुरं केलं. आता पुरळ नाही, डाग आहेत, ओठ अजून फुटतात. भाचीचं बाळंतपण झालं त्या दिवशी मी ऑफिसात होते. वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. कपड्यात गुंडाळलेल्या बाळाचं टोपरं सरकवलं, एका अंगावर वळवून कॅमेऱ्याला एक कान दाखवला, मग दुसऱ्या अंगावर वळवून दुसरा.

"पाह्य," ती म्हणाली. "दोन्ही हायेत."