हर्शेलच्या नावावर दारू

केंटकीच्या त्या डोंगरखोऱ्यात सिनेमागृह कुठलं असायला! म्हणून डेल्फीच्या आयुष्यावरचा सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला दाखवला. खाणकामगाराची पोर, फाटक्या झग्यात वाढलेली, गाण्याच्या जोरावर देशभर नावाजलेली! तिची थोरली बहीण ओव्हा कडक इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसली होती.

थोड्याच वेळात पडद्यावरचा बाप दारू ढोसून घरात आला आणि त्यानं पोरीची गिटार चुलीत घातली. अहो, कसली दारू आणि कसलं काय! त्यांच्या बापानं, हर्शेलनं, जन्मभर खाणीतली धूळ छातीत भरून घेतली आणि अकरा वर्षं खोकून खोकून जीव सोडला. त्याचं सगळं ओव्हानंच काढलं, लग्नाचं वय त्यातच सरलं. आणि ती गिटार? आपली शिकारीची बंदूक विकून त्यानंच तर आणली होती!

"काय गं हे?" ओव्हानं डेल्फीला फोनवर विचारलं.

"अगं ताई, खोकणारा बाप बघायला कोण येतंय? लोकांना तिखटमीठ लागतं," डेल्फी हसून म्हणाली. "मीच सांगितलं सिनेमावाल्यांना तसं. रविवारी येतेय ना, मग भांड."

तो रविवार कबरी सजवायचा. टेकडीवर सगळं गणगोत जमलं, गवत उपटलं, कागदी फुलं ठेवली, तळलेल्या कोंबडीची ताटं मांडली. मग भजन. एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलून गायची, ही तिथली रीत.

बापाच्या कबरीपाशी उभं राहून डेल्फीनं ओळ सांगितली. काय आवाज होता हो! पण ओव्हाचं तोंड उघडेना. शेजारची वर्डीकाकू मान खाली घालून कागदी फुलं सारखी करत राहिली. कुणीच ओळ उचलली नाही.

डेल्फीनं पुन्हा सांगितली. पुन्हा तेच. आजवर त्या टेकडीवर असं कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा प्यायचे नाहीत," ती रडत म्हणाली. "थेंबभरसुद्धा नाही. मी खोटं बोलले."

ओव्हाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, धाकटी होती शेवटी. पण राग काही केल्या गिळवेना.

"आम्हाला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "आम्ही होतो की इथं."