आधी मुकं, मग बोलकं

लहू खिल्लारेचा सगळा दिवस अमेरिकेत जायचा, आणि अमेरिकेत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

बहरीनमध्ये, मनामातल्या एका छोट्या कंपनीत तो तिकडच्या टीव्ही वाहिन्या बघत बसे. निवडणुकीच्या जाहिराती पाहायच्या. पक्ष कोणता, राज्य कोणतं, जाहिरात कौतुकाची की बदनामीची, एवढं नोंदवायचं. तिकडची कुठलीशी अभ्यास करणारी संस्था या कामाचे पैसे देई. परभणीहून तो आला होता टीव्ही दुरुस्तीला. इथल्याच सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये तरुणपण गेलं. पुढे लोक बिघडलेला टीव्ही टाकून नवाच आणायला लागले, तेव्हा लहूने ही नोकरी धरली.

"आयुष्यभर मागून बघितला, आता पुढून बघतो," असं तो म्हणायचा आणि आपणच हसायचा.

यंदा मध्यावधी निवडणूक होती. अध्यक्षाची कारकीर्द अर्ध्यावर आली की तिकडे संसदेसाठी मतदान होतं. सप्टेंबरपासूनच दोन्ही पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. जाहिरातींचा पाऊस लागला होता.

कामाची एक रीत होती. सकाळी सगळ्या जाहिराती आवाज बंद करून बघायच्या. नुसत्या चित्रावरून शेरा द्यायचा. जेवणानंतर त्याच जाहिराती आवाजासकट बघायच्या आणि दुसरा शेरा द्यायचा. कंपनीचं म्हणणं, आवाज माणसाला फितवतो. या रीतीला लहूने नाव पाडलं होतं, आधी मुकं, मग बोलकं.

शेजारच्या टेबलावर तेजस्वी नावाची मुलगी नव्याने लागली होती. पुण्याची, साहित्यात एम.ए. झालेली, पहिलीच नोकरी. तिला त्यानेच काम शिकवलं.

"हे बघ बाई. चित्र काळवंडलं की समजायचं, कुणाचं तरी तोंड काळं करायचंय. माणूस हळूहळू चालताना दाखवला की समजायचं, याच्यावर काहीतरी ढकलणारेत. चांगल्या माणसाला हे लोक कधी हळू चालवत नाहीत."

"आणि काका, पिवळं ऊन?"

"पिवळं ऊन, कुत्रं, मागं शेत. म्हणजे आपला उमेदवार. तो काय करतो ते विचारू नको."

लहूचा मुलगा विश्वजीत अमेरिकेतच होता. मनामातल्याच उम्म अल हस्समच्या दोन खोल्यांत वाढलेला, इथल्याच इंग्रजी शाळेत शिकलेला. आईबाप मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. जिथे बाबासाहेब शिकले त्या देशात आपलं लेकरू शिकायला पाठवायचं, हे लहूने पोरगं पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. पाठवलं. तिकडे एका कॉम्प्युटर कंपनीत तो नोकरीला लागला. दर शुक्रवारी न चुकता त्याचा फोन यायचा. लहूची बायको कांता त्या वेळी कुकरसुद्धा लावत नसे. शिटीत त्याचा आवाज बुडतो म्हणून.

ऑक्टोबरातली सकाळ होती. मुक्या जाहिराती चालल्या होत्या. एकाएकी लहू खुर्चीतून उठला.

"माझा विश्वा!"

पडद्यावर काचेचं मोठं दार होतं. दारातून पाच-सात तरुण आत चालले होते. सगळ्यांत पुढे विश्वजीत. गळ्यात ओळखपत्र, तोंडभर हसू. चालत होता हळूहळू, एखाद्या सिनेमातल्या हिरोसारखा. खाली एका उमेदवाराचं नाव.

"काका, खरंच?"

"अगं माझं पोरगं मला कळणार नाही का?"

त्याने जाहिरात मागे नेली, पुन्हा लावली. मग मोबाइल काढला आणि पडद्यावरूनच हलतं चित्र घेतलं. ऑफिसात हे चालत नसे. पण साहेब नावेदभाई स्वतःच मागे येऊन उभे राहिले होते. "लहू भाई, बेटा टीव्ही पे, और हलवा मफी? हलवा नहीं?"

लहूने ते आधी कांताला पाठवलं. मग परभणीच्या घरच्या ग्रुपवर. मग इथल्या जयंती मंडळाच्या ग्रुपवर. मग विश्वजीतला, खाली लिहून, "आमचा वाघ."

कांताचा लगेच फोन. "अहो, आवाज येईना की याला."

"आवाज दुपारी असतो. तू बघ नुसतं."

"बारीक झालाय का हो?"

थोरल्या भावाने परभणीत ते स्टेटसला लावलं. निळी चौकट, वर 'जय भीम', खाली 'खिल्लारे घराण्याची अमेरिकेत झेप'. ग्रुपवर फुलं पडायला लागली. लहू खाली जाऊन बहरीनी हलव्याचा डबा घेऊन आला आणि टेबलाटेबलावर वाटला. कामाचा शेरा राहिला होता. चित्राच्या रकान्यात त्याने लिहिलं, कौतुक.

चित्र काळवंडलेलं होतं. पोरगं हळू चालत होतं. तेजस्वीला शिकवलेलं सगळं समोर होतं. पण डोळ्यांपुढे बाप आडवा आला.

जेवण झालं. हेडफोन चढवून त्याने तीच जाहिरात पहिली लावली.

एक जाडा, शांत आवाज बोलत होता. हे आले. हसत आले. तुमची नोकरी गेली. तुमच्या मुलाची जाईल. अजून किती येऊ द्यायचे?

"किती"वर विश्वजीतचा चेहरा थांबत होता. हसरा. मोठा होत पडदाभर.

लहूने हेडफोन काढले. रुमालाने पुसले. पुन्हा घातले. पुन्हा ऐकलं.

"काका?" तेजस्वी म्हणाली.

त्याने हेडफोन काढून तिच्याकडे सरकवले. तिने ऐकलं.  तिच्या टेबलावर हलवा अर्धा खाल्लेला होता.

लहूच्या लहानपणी गावात हॉटेलाबाहेर एक कप वेगळा टांगलेला असे. तो कप कुणासाठी, हे कुणी बोलून दाखवत नसे. हॉटेलवाला नुसतं हनुवटीने दाखवी. समुद्र ओलांडून इतक्या लांब लहू आला होता तो त्या हनुवटीपासून. कुणी आपल्याकडे बोट केलं की ओळखायला त्याला कधी आवाज लागला नव्हता. आज लागला.

जिन्यात जाऊन त्याने विश्वजीतला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

"पप्पा," विश्वजीत म्हणाला, "साउंड ऐकलात?"

"आत्ता ऐकला रे."

"आत्ता."  मग इंग्रजीत बोलायला लागला, हळू, एकेक शब्द ठेवत. दोन वर्षांपूर्वी तिथल्याच शहरातल्या वाहिनीवाले ऑफिसात आले होते. नव्या कंपनीची बातमी करायची म्हणाले, हसत हसत आत या म्हणाले. ते चित्र यांनी उचललं. आठवडाभर जाहिरात लोकांच्या फोनवर फिरते आहे, टीव्हीवर कालच आली. दुकानात माणसं वळून बघतात. घरी कळू नये म्हणून तो शुक्रवारी जास्तच हसून बोलला होता. "आणि आज उठलो, तर फोनभर अभिनंदन. मोठे काका, आत्या, मंडळातले अंकल. पप्पा, तुम्ही हलवा वाटलात?"

 हलवा वाटतानाचा फोटो लहूनेच मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, डब्यासकट.

"काढून टाका ते. सगळीकडून."

त्याने काढून टाकलं. कांताच्या फोनमधूनही काढलं आणि का ते तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याला जेवण जात असेल का हो?" थोरल्या भावाला मात्र कळेना. "कामून काढायचं? एवढं नाव झालं लेकराचं!" लहूने त्याला आवाज ऐकवला नाही. नुसतं म्हणाला, "दादा, तुझ्या पाया पडतो, काढ."

पण ते काढून संपणारं नव्हतं. एका वाहिनीवर चर्चा बसली, ही जाहिरात द्वेषाची आहे का? चार माणसं चार चौकोनांत भांडली आणि वर विश्वजीत हसत आत जात राहिला. दुसऱ्या वाहिनीने निषेध केला. निषेध करताना तीच दाखवली. मग विरुद्ध पक्षाची माणसं त्याच्या दारात गेली. आमच्या सभेत या, मंचावर उभे राहा, बोलायची गरज नाही. तो गेला नाही. शुक्रवारी फोनवर एवढंच म्हणाला, "एकांना मी देशाबाहेर हवा, दुसऱ्यांना मंचावर. मला ऑफिसला जायचंय, पप्पा."

"तू ये इकडं," कांता मधेच म्हणाली. "बाळा, ये निघून. मम्मी आहे."

"तिकडे येऊन काय सांगू, मम्मी? सगळ्यांना दाखवलंय तुम्ही."

तो शेवटचा फोन. पुढच्या शुक्रवारी आला नाही. लहूने लावला, उचलला नाही. मग इंग्रजीत एक मेसेज आला. मी ठीक आहे. काही दिवस फोन करू नका.

ऑफिसात प्रत्येकाकडे एकेका राज्याच्या वाहिन्या असत. नावेदभाईंनी लहूला दुसरं राज्य द्यायचं ठरवलं. "लहू भाई, आप मत देखो ये."

"राहू द्या साहेब," लहू म्हणाला. "माझंच राज्य आहे ते."

तेजस्वीला वाटलं, काका स्वतःला शिक्षा करून घेतायत. तसं नव्हतं. फोन न उचलणारं पोरगं पडद्यावर रोज येत होतं. लहू सकाळची वाट बघायचा, आवाज नसलेल्या सकाळची. दुपारी हेडफोन घालायची वेळ आली की तेजस्वी न बोलता ती जाहिरात स्वतःकडे ओढून घ्यायची.

संध्याकाळी घरी पोचला की कांता दारातच विचारी.

"आज दिसला का?"

"दिसला."

"कसा होता?"

"हसत होता."

"कपडे कोणते?"

"तेच. निळा शर्ट."

रोज तेच कपडे असणार, हे तिला कळत होतं. तरी विचारायची.

मतदान झालं. कोण जिंकलं, कोण हरलं यावर वाहिन्या रात्रंदिवस बोलत होत्या. दुसऱ्या सकाळी लहूने त्याच्या राज्याची चित्रं लावली. गाद्यांची जाहिरात आली. गुडघेदुखीच्या गोळ्यांची आली. मोटारींची. पुन्हा गाद्यांची. तो पुढे नेत राहिला, मागे आणत राहिला.

"काका, काय शोधताय?" तेजस्वीने विचारलं, आणि विचारता विचारता तिला कळलं.

"काही नाही गं. खलास झालं."

जुन्या जाहिराती मतदान संपताच संस्थेकडे जमा झाल्या होत्या. मोबाइलमधलं चित्र त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

त्या संध्याकाळी कांता दारात उभीच होती.

"आज दिसला का?"

लहूने बूट काढले. नीट जोडून ठेवले.

"निवडणूक झाली, कांता. आता नाही लागत ते."

ती आत गेली. ताट वाढलं. भाकरी ठेवली, पाणी ठेवलं. समोर बसली. त्याला एक घास घेऊ दिला.

"मग पुढची कधी आहे हो?"

"दोन वर्षांनी," लहू म्हणाला.