इंजिनिअरची बारावी

हिंजवडीहून परतणारी कंपनीची बस चौकात अडकली की बाकीचे चिडायचे, घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगायचे. आमोद दातार काहीच करायचा नाही. एप्रिलात आई गेल्यापासून त्याला उशिराचं काही वाटत नव्हतं आणि वेळेवर पोचण्याचंही. तेराव्याला नातेवाईक त्याच्याकडे बघून म्हणाले होते, "मुलगा मोठा धीराचा आहे हो." धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच आहे ना हे हाताने चाचपून बघावं लागतं, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा रजा टाकून तो हॉस्पिटलात तिच्याजवळ राहिला होता. वॉर्डात ज्ञानदेव नावाचा ब्रदर होता, यवतमाळकडचा. रोग्याला कुशीवर कसं वळवायचं, त्याला न उठवता अंगाखालची चादर कशी बदलायची, टाचा गादीला घासू नयेत म्हणून काय करायचं, हे त्याने आमोदला शिकवलं. आई वाचली नाही, पण तिच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. त्या दिवसांत आमोदला पुढची गोष्ट कोणती करायची ते सतत ठाऊक असायचं. ऑफिसात इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

जूनमध्ये काही कागद आणायला तो पुन्हा हॉस्पिटलात गेला. ज्ञानदेव बाहेर टपरीवर चहा पीत होता.

"मला हे शिकायचं असेल तर?" आमोदने विचारलं.

"हे म्हंजे काय भाऊ?"

"तुमचं काम."

ज्ञानदेवने त्याला खालून वर पाहिलं. "आई गेली न, म्हणून वाटते तसं. जाईल दोन महिन्यांत."

"वयाची अट असते का? मला एकतीस पूर्ण झालीत."

"पस्तीसपर्यंत घेतात. जीएनएम करा, नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स. बारावीची मार्कशीट लागते."

"माझं बी.ई. झालंय."

"ते बी.ई. राहू द्या घरी. बारावीले किती होते?"

"बारावी नाहीये."

"नापास?"

"बसलोच नव्हतो."

ते खरं होतं. आमोदचे वडील माधवराव सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा दहावीला असतानाच त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. अकरावी-बारावी म्हणजे क्लासवाल्यांची धन. त्यापेक्षा दहावीनंतर डिप्लोमा करायचा आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जायचं. बारावीच्या धसक्याने अंथरूण धरणारी सोसायटीतली मुलं बघून ते वर्षानुवर्षं हसत आले होते. आमोद इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, आणि बारावी राहून गेली ती गेलीच.

दोन महिने थांबून त्याने पाहिलं. गेलं नाही. मग बाहेरून बारावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला तो कर्वेनगरातल्या एका कॉलेजात गेला. खिडकीत शर्मिला मॅडम होत्या.

"विद्यार्थ्याला घेऊन या," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मीच आहे."

आता त्यांनी चष्मा वर केला. "शिक्षण?"

"बी.ई."

"मग बारावी कशाला? हौस म्हणून?"

"नर्सिंगला लागते."

"बरं," त्या म्हणाल्या. "शाखा?"

"आर्ट्‌स. नोकरी सांभाळून प्रॅक्टिकल जमणार नाहीत."

घरी पुस्तकं आली तेव्हा माधवरावांनी इतिहासाचं पुस्तक उघडून मिटलं.

"पुढच्या वर्षी पहिलीचाही फॉर्म भरून टाक," ते म्हणाले. "बालवाडी तेवढी व्यवस्थित झाली आहे तुझी."

"बाबा, मी गंमत करत नाहीये."

"आईचं केलंस ते मुलगा म्हणून. परक्यांचं करायला पगारी माणसं असतात."

"मला तेच व्हायचंय."

माधवरावांनी मग दुसरी बाजू लावून धरली. आई गेली की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा घरातला रिवाज. तीन वर्षांनी हा चौतिशी ओलांडणार, आणि वर विद्यार्थी. कोण मुलगी देणार? वधूवर मंडळात त्यांनी बी.ई., हिंजवडी असं लिहून नाव नोंदवलं होतं. तुळशीची लग्नं झाल्यावर एक स्थळ जमत आलं. जायच्या आधी ते चपला घालताना म्हणाले, "तिथे बारावी-बिरावी काढू नकोस. लग्न झाल्यावर तुमचं तुम्ही बघा."

आमोदने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मुलीचं नाव कादंबरी. मोजकं बोलणारी, सरळ बघणारी. बोलणी छान चालली होती. चहा झाल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, "मग पुढे काय? परदेशात वगैरे?"

"सध्या बारावीला आहे," आमोद म्हणाला.

सगळे हसले. कादंबरीची आई सुहासिनीबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. "विनोदी आहेत हो जावईबापू!" सगळ्यांत मोठ्याने माधवराव हसले. "सवय आहे त्याला. काय रे, गंमत ना?"

हसरी तोंडं तशीच त्याच्याकडे वळून थांबली. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आमोदला वाटलं, आता छातीत धडधडेल. काही झालं नाही.

"नाही. फेब्रुवारीत परीक्षा आहे. पास झालो की ही नोकरी सोडून नर्सिंगला जाणार आहे."

"त्यात मुलं असतात?" कादंबरीने विचारलं.

"थोडी असतात."

"आणि रात्रपाळी?"

"असते."

"आधी सांगितलंत, बरं झालं," ती म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

"अजून चहा घेणार नाही ना?" सुहासिनीबाईंनी विचारलं. त्या सुरात विचारलं की उठायचं असतं, हे दातारांना सांगावं लागत नाही.

परत येताना माधवराव स्कूटरवर मागे बसले होते. नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटर थांबली.

"उद्या मंडळात फोन करून तुझं नाव काढतो," ते म्हणाले. "बारावीची मुलं घेत नाहीत ते."

"चालेल."

"मुलगी चांगली होती."

"हो. चांगली होती."

"वाईट तरी वाटतंय का तुला?"

आमोदने खरंच मनात चाचपून पाहिलं. "नाही वाटत, बाबा," तो म्हणाला. "पण खोटंही बोलवलं नाही."

 सिग्नल सुटला तसा माधवरावांनी मुलाच्या खांद्यावर हात टेकला. रस्ता खराब होता, म्हणूनही असेल. आमोदने गिअर टाकला. घरी जाऊन अर्थशास्त्राचा एक धडा संपवायचा होता.