खिडकीतल्या तीन बाटल्या

आरोग्य केंद्रातल्या ताईंनी ओढ्यातलं तीन ठिकाणचं पाणी आणि तपासणीचं औषध घातलेल्या तीन बाटल्या परवा माझ्या खिडकीत ठेवल्या. "पाणी काळं पडलं, की त्यात शेण नाहीतर मैला आहे समजा," असं सांगून त्या गेल्या.

शेजारच्या अण्णांच्या म्हशींच्या गोठ्याच्या खालच्या अंगाला भरलेली बाटली काल काळी पडली आणि मला चक्क बरं वाटलं. खालच्या वस्तीत पोरांना जुलाब लागल्यापासून आम्ही सगळे त्या गोठ्याकडेच बोट दाखवत होतो. आज गोठ्याच्या वरची बाटलीही काळी पडली. तिथे ओढ्याला लागून फक्त आमचं घर आहे, आणि आमच्या संडासाचा खड्डा.

वाहून गेलं की संपलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले. ते खाली कुणाच्या तरी हंड्यात जाऊन थांबत होतं.

"वहिनी, काय म्हणतात बाटल्या?" अण्णांनी अंगणातून विचारलं.

"अजून काही कळत नाही," मी म्हणाले, आणि खिडकी ओढून घेतली.

तिसरी बाटली आमच्या घराच्याही वरची. ती अजून नितळ आहे. मी तिच्यासमोर हात जोडून उभी आहे. बाई गं, तूही काळी पड.