प्रणोतीच्या गेममधलं बंद दार

विभावरी तीळ भाजत होती, शालिग्राम आरशापुढे दोन्ही गालांना साबण फासून उभे होते आणि त्यांची एकतीस वर्षांची लेक प्रणोती लाटणं माइकसारखं धरून फ्रिजला विनोद सांगत होती. फ्रिज हसत नव्हता. रोजचीच सकाळ. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारी बाई गल्लीत एकच, शेजारच्या बेबीताई.

"प्रणोती आहे का घरी? भांडायला आली मी तिच्याशी," म्हणत त्या सरळ आत येऊन खुर्चीत बसल्या. हातात मोबाईल.

विभावरीने मान वळवून पाहिलं. लेकीच्या धंद्यात कोणाला कधी काय लागेल याचा नेम नव्हता.

धंदा तरी एक असावा की नाही? इंजिनियरिंग झाल्यावर प्रणोती रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसली. डबा खाताना ती साहेबांची नक्कल करायची. एके दिवशी साहेबच मागे उभे होते. ते पोट धरून हसले, बाकी सगळे माना खाली घालून पोळी चावत राहिले. त्या दिवसापासून तिला हसवायचं वेडच लागलं. नोकरी सोडली तेव्हा शालिग्राम चार दिवस बोलले नाहीत. माइक धरून किस्से सांगायचा पहिला शो नेपियर टाउनमधल्या कॅफेत झाला. ऐकायला नऊ जण, त्यात दोन आईबाप आणि एक वेटर. आता भोपाळ, इंदूर, नागपूरहून बोलावणी येतात. बोलते हिंदीत, पण विभावरी प्रत्येक शोमध्ये असतेच. "मेरी आई" म्हटलं की लोक आधीच हसायला लागतात. पूर्वी विभावरीला राग यायचा. आता ती बोलता बोलता थांबून विचारते, "हे तू लिहून राहिली का?"

शो नसेल तेव्हा प्रणोती व्हिडिओ गेम बनवते. तिचा नियम ठरलेला. जो किस्सा तीन गावांत हसवून दाखवेल, त्याचाच गेम. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा किस्सा पाच गावांत चालला. एका संध्याकाळी गल्लीतली सगळी मराठी घरं गाठायची, तिळगूळ खायचा, वाण घ्यायचं, साडीत पाय अडकू द्यायचा नाही आणि चहाला नाही म्हणायचं. चहाला बसलात की खेळ खलास!

गेम झाला की तपासणी शालिग्रामांकडे. उभा जन्म त्यांनी डिफेन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शन केलं होतं. ते चष्मा लावून खेळायचे आणि वहीत शेरा मारायचे: 'तिसऱ्या घराची पायरी उजवीकडे हवी. नापास.' असा सहादा नापास होऊन गेम गेल्या आठवड्यात एकदाचा बाहेर पडला, आणि गल्लीभर वाजू लागला.

"काय झालं, काकू?" प्रणोतीने लाटणं खाली ठेवलं.

"चार दिवस खेळून राहिली मी. साडीत अडकून सतरा वेळा पडली. काल सगळी घरं झाली. शेवटी निळं गेट आलं, तगरीचं झाड आलं. म्हटलं, अगं बाई, हे तर माझंच घर! दार वाजवलं, तर लिहून काय येतं? 'यहाँ नहीं जाना है.' काहून? माझ्याच घरात मलाच बंदी?"

"ते बरोबर आहे," शालिग्राम आरशातूनच म्हणाले. "निळं गेट, दार बंद. मी तपासून पास केलं."

"भाऊजी, तुम्ही आधी दाढी करा."

प्रणोती गोंधळली. "पण घरं मी कुठे ठरवली? हळदीकुंकवाला कुठे कुठे जातात, ती यादी आईने दिली. तुमचं नाव त्यात नव्हतं, तो मैंने दार बंद ठेवलं. आई?"

कढईत तीळ तडतडायला लागले होते. विभावरीने गॅस बंद केला. यादी तिचीच, दर वर्षीची. बेबीताईंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी दुःख ताजं म्हणून तिने त्यांना बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी गल्लीत कोणीच बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी तर ते तिच्या ध्यानातही आलं नाही. ज्या घरून ती दोन दिवसांआड विरजण मागून आणायची, त्याच घरावरून संक्रांतीला नवी साडी नेसून, नजर समोर ठेवून पुढे गेली होती. आणि लेकीने तेच हुबेहूब चितारलं होतं.

"बेबीताई, माझंच चुकलं," ती म्हणाली.

"जाऊ दे गं. दीर गेल्यावर मी पण माझ्या जावेला कधी बोलावलं होतं?" बेबीताई म्हणाल्या. मग प्रणोतीकडे वळल्या. "मला कुंकू नको, वाण नको. गेममधलं दार तेवढं उघड. लोकांना वाटेल, त्या घरात भूत राहते."

प्रणोतीने लॅपटॉप ओढला. "वाण काय देणार, बोला."

"स्टीलची गाळणी. प्लास्टिकच्या डब्या वाटायला मी काही तुझी आई नाही."

शालिग्रामांना असं हसू आलं की साबण तोंडात गेला. विभावरीही हसली, डोळे पुसत हसली.

तासाभरात दार उघडलं. दारात निळ्या काठाची साडी नेसलेली बाई गाळणी घेऊन उभी. बेबीताईंनी तीनदा आतबाहेर करून पाहिलं, "नाक जरा बरं काढ," एवढीच दुरुस्ती सुचवली आणि चहा पिऊन घरी गेल्या.

विभावरी कढई पुन्हा गॅसवर ठेवत म्हणाली, "आता हे पण सांगशील शोमध्ये. मेरी आई ऐसी, मेरी आई वैसी."

"नाही सांगणार," प्रणोती म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात कोणाची नक्कल नव्हती. "आई, एकच मागते. यंदा काकूंना आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलाव. तू स्वतः जाऊन बोलाव."