वॉशिंग मशीनच्या साथीने अकरा गीतं

अमेरिकेत सोल संगीत गाणाऱ्या बायका म्हणे नाव झालं की एकदा तरी लहानपणच्या चर्चमधल्या जुन्या गीतांचा अल्बम काढतात. रियाधच्या दमयंती पाटोळेंनीही काढला. त्यांचं नाव झालं होतं ते मराठी मंडळींच्या बारशा-वाढदिवसांत. एरवी इस्पितळात नर्स. पण माइक हातात आला की सिनेमातलं गाणं असं म्हणत, की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडत.

अल्बमची गीतं मात्र वडिलांची. राहुरीजवळच्या गावात शशिकांत मास्तरांनी पन्नास वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली आणि गायन मंडळाला दटावलं. आदल्या नाताळात दमयंतीताईंनी एक गीत फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवलं. मास्तरांचा निकाल आला, "दमे, तुझा आवाज गेला. वाळवंटानं खाल्ला." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाने हे मनात धरून जाऊ नये, एवढीच ताईंची इच्छा होती.

रेकॉर्डिंगला हारून. मूळचा दापोलीचा, रियाधमधल्या बथ्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा आणि मराठी मंडळींच्या प्रत्येक कार्यक्रमाचा साउंडवाला. पण त्याच वर्षी नियम आला: मोबाईलच्या दुकानात यापुढे फक्त सौदी. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाने, हारूनला फायनल एक्झिट, कायमचं परत जायचा शिक्का, लावून दिला. हातात उरले सुट्टीचे दोन शुक्रवार.

पहिल्या शुक्रवारी हारूनने ताईंच्या कपड्यांच्या कपाटात गोधड्या टांगून स्टुडिओ केला. ताई आत उभ्या राहून गायल्या. हारूनने हेडफोन काढून झटकला.

"ताई, बरं नाही काय तुम्हाला?"

"का रे?"

"वाढदिवसाला तुमचा आवाज पार पुढच्या शहरात, बुरैद्यापर्यंत जातो. आज माइकलासुद्धा पोचत नाही."

उलगडा ताईंचे यजमान रणजित यांनी केला. सौदीत चर्चला परवानगी नाही, म्हणून एकोणीस वर्षं दर शुक्रवारी पाच-सहा कुटुंबं कुणाच्या तरी घरी भक्तीला जमत आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओठांतल्या ओठांत गात. सिनेमाचं मोठ्याने आणि देवाचं हळू, अशी ताईंच्या गळ्याला सवयच लागली होती.

"घरात कपड्यांचं मशीन चालू असलं की मात्र मोठ्यानं गाते," रणजित म्हणाले. "स्पिनमध्ये तर विचारूच नका."

"मग लावा मशीन!" हारून म्हणाला.

कपडे गरगरू लागले आणि कपाटातून असा सूर निघाला की हारूनने दचकून आवाजाचं बटण खाली ओढलं. पण स्पिन सात मिनिटांचा. दुपारपर्यंत घरातले मळके कपडे संपले. मग धुतलेले धुतले. पडदे तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर रणजितनी मुकाट्याने अंगातला शर्ट काढून दिला. एवढं करून तीन गीतं झाली आणि तिन्हींच्या मागे मशीनची घरघर आली.

"मास्तर म्हणतील, मुलगी पिठाच्या गिरणीत लागली," हारून म्हणाला. जाताना त्याने मशीनचा एक अख्खा स्पिन तेवढा रेकॉर्ड करून घेतला.

दुसऱ्या शुक्रवारी त्याने तो स्पिन ताईंच्या हेडफोनमध्ये सोडला. मशीन बंद, घर शांत, फक्त ताईंच्या कानांत घरघर. आधीची तीन पुन्हा घेऊन संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा गीतं झाली. "खलास!" म्हणत हारूनने वायरी गुंडाळल्या.

"यल्ला, जेवायला चला," रणजित म्हणाले. "माझे पडदे वाचले. अर्धे आटलेत, पण वाचले."

मंगळवारी हारून पेन ड्राइव्ह खिशात घालून विमानात बसला आणि दापोलीला पोचल्यावर आधी कुरिअरवाल्याकडे गेला, मग घरी.

मास्तरांनी तो पेन ड्राइव्ह रविवारी भक्तीनंतर चर्चच्या स्पीकरवर लावला, दारं-खिडक्या सताड उघडून. अर्धा गाव ओट्यांवर बसून ऐकत होता. दुपारी ताईंना वॉर्डात फोन आला.

"दमे, आवाज आहे." मास्तरांच्या गायन मंडळात एवढी स्तुती आजवर कुणाच्या वाट्याला आली नव्हती. पदर नव्हता म्हणून ताईंनी डोळ्यांना युनिफॉर्मची बाही लावली. मास्तरांचं संपलं नव्हतं. "पण दर गीतात शेवटच्या कडव्याला घाई का करतेस?"

"पपा, स्पिन संपत आलेला असायचा."

मग ताईंनी कपाटापासून पडद्यांपर्यंत सगळं सांगितलं.

"तालाला पक्कं दिसतंय तुझं मशीन," मास्तर म्हणाले. "आमच्या तबलेवाल्यापेक्षा बरं. सुट्टीला येताना घेऊन ये."